पंखा लागला की रेडिओ खरखरतो

जुन्या गाड्यांचं वायरिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, माझ्याकडे वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. डायनामो मूळचाच आहे. पसरणी घाट चढताना गाडी तापायची, म्हणून गेल्या वर्षी इंजिनवरचा पंखा काढून रेडिएटरला मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा बसवून घेतला. रेडिएटरच्या स्विचवरून तो आपोआप चालू-बंद होतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. लाल तार इग्निशन स्विचच्या मागून घेतली आहे आणि काळी तार रेडिएटरजवळच्या पत्र्याला स्क्रूने कसली आहे. तेव्हापासून पंखा लागला की रेडिओवर पुणे केंद्र ऐकूच येत नाही, नुसती खरखर येते. एफएमवर मात्र त्रास कमी आहे. घाटात खरखर एकसारखी असते, पाचगणीच्या बाजारात गर्दीत थांबलं की तुटक-तुटक होते, आणि पंखा बंद होताना मोठा 'खट्' असा आवाज येतो. डॅशबोर्डचे दिवेही मंद होतात. एकाने रेडिओच्या मागे फिल्टर बसवून दिला, पण काडीचा फरक पडला नाही. रेडिओ बदलू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, रेडिओला हात लावू नका. तो बिचारा जे आहे तेच सांगतोय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही आवाज वेगवेगळे करून लिहिलेत आणि निम्मं निदान तिथेच झालं. घाटातली एकसारखी खरखर, बाजारातली तुटक खरखर आणि बंद होतानाचा 'खट्' या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तुमच्या माणसाने तिन्हींवर एकच औषध दिलं, म्हणून गुण आला नाही.

आधी एकसारख्या खरखरीचं बघू. पंख्याच्या मोटरीत कार्बन (करंट पोहोचवणारे कोळशाचे ठोकळे) असतात, ते फिरत्या कॉम्युटेटरवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्यावर) घासत असतात. कॉम्युटेटरची एक पट्टी सुटून दुसरी लागली की तिथे बारीक ठिणगी पडते, आणि अशा ठिणग्या सेकंदाला शेकड्यांनी पडतात. ठिणगी म्हणजे छोटं प्रक्षेपण केंद्रच, फक्त ते एका स्टेशनवर न लागता सगळ्या बँडभर पसरतं. मीडियम वेव्हवर कार्यक्रम लहरीच्या उंचीत भरलेला असतो. ठिणगी त्या उंचीतच भर घालते, म्हणून ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे केंद्र बुडतं. एफएमचा रेडिओ लहरीची उंची आधीच छाटून टाकतो, त्यामुळे तिथे त्रास कमी होतो. एफएम बरं वाजतंय म्हणून गाडी बरी आहे असं मात्र समजू नका.

ठिणगी प्रत्येक कार्बनवाल्या मोटरीत पडते. वायपरमध्ये पडते, हीटरच्या ब्लोअरमध्येही पडते. मग याच पंख्याची खरखर एवढी मोठी का? माझा पहिला संशय काळ्या तारेवर आहे, त्या पत्र्याच्या स्क्रूवर. पंखा ८० वॅटचा धरला तरी १२ व्होल्टला पावणेसात अँपिअर होतात, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. हा सगळा करंट स्क्रूमधून पत्र्यात शिरतो आणि पत्र्यापत्र्यांतून वाट काढत बॅटरीपर्यंत परत जातो. गाडी पंचेचाळीस वर्षांहून जुनी आहे. पत्र्यांचे जोड आतून गंजलेले, वर रंगाचे थर, मडगार्डच्या बोल्टखाली जुना अंडरकोट. अशा वाटेवर रोध असतो, आणि रोधातून ठिणगीवाला करंट गेला की तो सगळा पुढचा पत्राच रेडिओच्या भाषेत 'हलतो'. आता बघा, तुमच्या रेडिओचा एरियल कुठे बसवलाय? बहुतेक मडगार्डवर. एरियलच्या तारेवरची जाळी बुडाशी त्याच पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे पंख्याचा कचरा थेट एरियलच्या वाटेने रेडिओत जातो. रेडिओच्या मागचा फिल्टर लाल तारेवर पहारा देत बसलाय, आणि चोर दुसऱ्या दाराने येतोय.

हे खरं की खोटं हे घरीच तपासता येईल. इंजिन बंद ठेवा, चावी फक्त 'ऑन' करा. इंजिन बंद असल्यामुळे डायनामो आणि प्लगचे आवाज आपोआप बाजूला पडतात. रेडिएटरच्या स्विचवरच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडा, पंखा सुरू होईल. (स्विचला एकच तार असेल तर ती स्वच्छ धातूला टेकवा.) त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो : ओढणी, पदर, सैल बाही काहीही पंख्याच्या आसपास नको. आणि एरवीही, गाडी गरम असताना चावी 'ऑन' असेल तर हा पंखा न सांगता सुरू होतो. बॉनेट उघडून वाकलेल्या माणसाला तो वेळ देत नाही.

पंखा चालू असताना रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि मागून एरियलची पिन उपसा. खरखर गेली किंवा अगदी बारीक झाली, तर ती एरियलच्या वाटेने येत होती. तशीच राहिली तर ती रेडिओच्या करंटच्या किंवा अर्थच्या (करंट पत्र्यातून परत नेणाऱ्या) तारेने येतेय. या एका तपासणीवर पुढचं सगळं काम ठरतं, आणि हीच तपासणी न करता लोक फिल्टर विकत आणतात.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची. डीसी व्होल्टवर २ व्होल्टची रेंज ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नको. दुसरं टोक पंख्याच्या काळ्या तारेच्या मोटरजवळच्या टोकाला टेकवा. पंखा चालू असताना मीटर ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये. अर्धा व्होल्ट दिसला तर वाट खराब आहे. तसंच लाल बाजूनेही करा : बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते पंख्याची लाल पिन. इथे रेंज २० व्होल्टची ठेवून सुरुवात करा. तुमच्या इग्निशन स्विचमधून आलेल्या वाटेवर चांगलाच ड्रॉप (वाटेतच गळणारं व्होल्टेज) मिळेल असा माझा अंदाज आहे, कारण दिवे मंद होतात असं तुम्हीच लिहिलंय.

आमच्या उद्यमनगरातल्या दुकानात मध्यंतरी अशीच एक पद्मिनी आली होती. पंख्याच्या अर्थला ०.९ व्होल्ट ड्रॉप. स्क्रू सोडला तेव्हा थिंबलच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्याच्या) खाली मूळ रंगाचं वर्तुळ जसंच्या तसं शाबूत होतं. करंट फक्त स्क्रूच्या आट्यांतून पत्र्यात जात होता, आणि आटे तपकिरी झालेले. थिंबलवरची पिवळी प्लॅस्टिकची स्लीव्ह स्क्रूच्या बाजूने करपून कडक झाली होती, नख लावलं तर तुकडा पडला. हिशेब करा : ०.९ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर म्हणजे सात वॅटहून जास्त. छोट्या सोल्डरिंग इस्त्रीइतकी उष्णता त्या एका स्क्रूत, उन्हाळ्यात तासन्‌तास. खरखर दाबायला मी घाई का करत नाही ते यावरून कळेल. रेडिओने त्या जोडाची बातमी महिनोन्‌महिने आधी दिली होती. कंडेन्सर (खरखर शोषून घेणारा छोटा भाग) लावून ती बातमी बंद केली असती, तरी स्क्रू तापायचा थांबला नसता.

आता दुरुस्ती. क्रम मी लिहितो तोच ठेवा.

पंख्याची काळी तार पत्र्यावरून काढा. ४ स्क्वेअर एमएमची, बारीक धाग्यांची ऑटो केबल घ्या. घरच्या वायरिंगची जाड एकेरी तार घेऊ नका, इंजिनच्या थरथरीने ती थिंबलच्या तोंडाशी तुटते. या केबलचा रोध मीटरमागे साधारण ५ मिलिओहम असतो. दोन मीटर तार आणि आठ अँपिअर धरले तर ड्रॉप ०.०८ व्होल्ट, म्हणजे आपल्याला हवा त्याच्या आत. ही तार पंख्यापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिनची जाड अर्थ केबल जिथे बोल्टने बसते तिथे न्या. पत्रा मध्ये येऊच देऊ नका. लाल तारही नवी, तेवढ्याच जाडीची : बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून पंख्याला. आणि या लाल-काळ्या तारा रिलेपासून पंख्यापर्यंत एकमेकींना पीळ देऊन न्या, दर दोन बोटांवर एक पीळ. जाणारा आणि येणारा करंट शेजारीशेजारी असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. पीळ फुकट आहे आणि मी पाहिलेल्या अनेक विकतच्या फिल्टरांपेक्षा जास्त काम करतो. या तारा एक्झॉस्टपासून आणि डेल्कोवरून (डिस्ट्रिब्युटरवरून) येणाऱ्या प्लगच्या तारांपासून लांब ठेवा.

रिलेच्या ८५ आणि ८६ वर फक्त कॉइल असते, तिला पाव अँपिअरही लागत नाही. एका पिनेला इग्निशन स्विचचा करंट, दुसरी पिन रेडिएटरच्या स्विचमधून अर्थला. म्हणजे तुमच्या जुन्या इग्निशन स्विचवरचा आणि रेडिएटरच्या स्विचवरचा आठ-आठ अँपिअरचा भार उतरला. बाजारात ९२ अंशांना लागणारा आणि ८७ ला सुटणारा स्विच सर्रास मिळतो. त्याचे आतले पॉइंट बारीक असतात, मोटरचा करंट तोडताना ते ठिणगी ओढतात. तुमचा 'खट्' मुख्यतः तिथला आहे.

रिले आला की एक नवा 'खट्' जन्माला येतो, तोही आताच मारून टाका. कॉइलचा करंट तुटला की कॉइल उलट दिशेचा झटका देते, तो शंभर व्होल्टच्या वरसुद्धा जातो. त्यासाठी ८५ आणि ८६ वर आडवा एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा. वन-एन-४००७ हा कुठल्याही रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतो, किंमत चहापेक्षा कमी. डायोडवर रुपेरी पट्टा असतो, तो पट्टा कॉइलच्या पॉझिटिव्ह बाजूला. उलटा लावलात तर रेडिएटरचा स्विच लागताच शॉर्ट होईल, म्हणून जोडण्याआधी दोनदा बघा. काही रिलेंच्या आतच डायोड किंवा रोध दिलेला असतो, तशा रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते. यानंतरही पंखा बंद होताना एखादा बारीक टिचका ऐकू आला तर त्याच्या मागे लागू नका.

आता पुन्हा ऐका. माझ्या अनुभवात बहुतेक गाड्या इथेच शांत होतात. उरलीसुरली खरखर मोटरीची स्वतःची. खिशात मावणारा साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर तो घ्या, डायलच्या वरच्या टोकाला, १४०० च्या पुढे, शांत जागी लावा आणि पंख्याच्या तारांवरून तळहाताच्या अंतराने हळूहळू फिरवा. जिथे खरखर उसळते तिथे थांबा. कधी ती मोटरीपाशी उसळते, कधी मधल्याच एखाद्या टेप गुंडाळलेल्या जोडापाशी. टेप सोडली की आत तार नुसती पिळून ठेवलेली सापडते. हे ऐकण्याचं काम मला अजूनही फार आवडतं. शिकायला आलेल्या पोरांच्या हातात मी मीटरच्या आधी ट्रान्झिस्टर देतो.

मोटरीपाशी उसळत असेल तर पंखा हाताने फिरवून आणि आडवा हलवून बघा. शाफ्ट हलत असेल तर बुश (शाफ्ट धरणारी नळी) गेलाय. आर्मेचर (मोटरीचा फिरता भाग) डुगडुगलं की कार्बन नीट टेकत नाही आणि ठिणगी वाढते. जुन्या बाजारातून आणलेल्या पंख्यात हे नेहमीचं. मोटर उघडता येत असेल तर कार्बन किती उरलेत ते बघा आणि कॉम्युटेटर अगदी बारीक सँडपेपरने पुसा. एमरी पेपर नको, त्याची भुकटी पट्ट्यांच्या फटीत बसून करंट वाहू शकते. मोटरीचं झाकण दाबून बंद केलेलं असेल तर उघडत बसू नका, चांगली मोटर घ्या.

आणि सगळ्यात शेवटी कंडेन्सर. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, अंगावर १०४ छापलेलं असतं. एक लाल पिनेपासून मोटरीच्या धातूच्या कवचाला, दुसरा काळ्या पिनेपासून कवचाला. ०.४७ चा एक, म्हणजे ४७४, दोन पिनांच्या मध्ये. सगळे १०० व्होल्ट किंवा वरचे. पाय अर्ध्या इंचापेक्षा लांब ठेवू नका, लांब पाय स्वतःच कॉइलसारखे वागतात आणि कंडेन्सर असून नसल्यासारखा होतो. इथे एक गोष्ट हमखास सुटते : पंखा प्लॅस्टिकच्या चौकटीत किंवा रबरावर बसवलेला असेल तर मोटरीचं कवच कुठेच जोडलेलं नसतं. मग कवचाला लावलेले कंडेन्सर काय करणार? कवचापासून काळ्या तारेला एक छोटी जोडणी द्या.

राहिली पाचगणीच्या बाजारातली तुटक खरखर. ती पंख्याची नाही. ती कटआऊटची आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. घाटात इंजिनचे फेरे जास्त, डायनामो भरपूर देतो. बाजारात इंजिन आयडलवर आलं की डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली जातं, आणि कटआऊटचं काम आहे त्याला बॅटरीपासून तोडणं. ते सीमेवर असताना पॉइंट जोडतात-सुटतात, जोडतात-सुटतात, प्रत्येक वेळी ठिणगी. नेमका त्याच वेळी पंखा लागलेला असतो, म्हणून आळ पंख्यावर. आयडल थोडं वाढवून बघा, तुटकपणा गेला तर चोर सापडला. कटआऊटचे पॉइंट जळके असतील तर साफ करून गॅप लावून घ्या, पण हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच.

मात्र हिशेब तोंडावर आहे. बाजारात उभ्या गाडीत पंख्याचे सात-आठ अँपिअर, इग्निशन कॉइलचे तीन-चार, संध्याकाळ असेल तर हेडलाइटचे सात-आठ, आणि डायनामोकडून जवळजवळ शून्य. सगळं बॅटरीतून. इलेक्ट्रिक पंखा ठेवायचाच असेल तर अल्टरनेटर बसवा, तो आयडललाही चार्ज देतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एक काम त्याआधी करा. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. विहिरीच्या पाण्यावर चाललेल्या जुन्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या असतात. डेल्कोचं टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं. ही दोन कामं झाली आणि थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, बेल्ट ठीक असतील, तर पद्मिनी बेल्टवरच्या मूळ पंख्यावर घाट चढते. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती त्याच पंख्यासह बाहेर पडली होती आणि मुंबईच्या उन्हात टॅक्सी म्हणून तिने दशकं काढली. मूळ पंखा जपून ठेवला असेल तर तो परत लावण्याचा विचार मनापासून करा. नाहीतर वर लिहिलंय तसं वायरिंग करा, म्हणजे इलेक्ट्रिक पंखाही निर्धोक.

एक इशारा राहिला. खरखर घालवायला कोणी डायनामोवर कंडेन्सर लावायला निघालं तर तो जाड आउटपुटच्या टर्मिनलवर, 'डी' वर. 'एफ' वर (फील्डच्या टर्मिनलवर) कधीही नाही, तिथे लावला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. तसंच इग्निशन कॉइलवर लावायचा तर स्विचकडून येणाऱ्या बाजूला. डेल्कोकडे जाणाऱ्या बाजूला तिथला मूळ कंडेन्सर सोडून दुसरा जोडू नये.

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. माझ्या मॉरिस मायनरला इलेक्ट्रिक पंखा बसवतोय. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. डायोड, कंडेन्सर वगैरे नेहमीसारखेच लावायचे का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : नाही, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. तुमच्या गाडीत बॉडीच पॉझिटिव्ह आहे. फ्यूज आणि रिले बॅटरीच्या निगेटिव्हकडून आलेल्या तारेत येतील, ती तार पंख्याच्या निगेटिव्ह पिनेला जाईल आणि पंख्याची पॉझिटिव्ह पिन बॅटरीच्या अर्थ केलेल्या खांबाला. दोन तारांचा, कवचापासून वेगळा असलेला पंखाच घ्या. हवा इंजिनकडे जातेय ना ते कागदाचा तुकडा धरून बघा. उलटा फिरला तर तारा उलट जोडल्यात. रिलेवरच्या डायोडचा पट्टा बॉडीच्या बाजूला येईल. ०.१ चे छोटे कंडेन्सर कसेही लावले तरी चालतात, पण इलेक्ट्रोलायटिक असेल तर त्याची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला, नाहीतर तो फुगून फुटतो.

आजकालच्या रेडिओचं कवच निगेटिव्ह असतं. ते पॉझिटिव्ह बॉडीला टेकलं की थेट शॉर्ट. नवा रेडिओ हवाच असेल तर मी म्हणेन गाडी निगेटिव्ह अर्थची करून घ्या, काम अर्ध्या दिवसाचं आहे. बॅटरीच्या तारा उलट करायच्या, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करायची, आणि डायनामोला नवी दिशा द्यायची : 'एफ' ची तार काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबाकडून आलेली तार 'एफ' टर्मिनलला क्षणभर टेकवायची. स्टार्टरला काही फरक पडत नाही. इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मात्र तपासा. जुन्या पॉइंटवाल्या पंपाला दिशा नसते, पण आत डायोड बसवलेला असेल तर असते.

प्रश्न : १९९२ ची मारुती ८००. ब्लूटूथवाला स्टिरिओ. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज चढत जातो. पंखा चालू असो वा नसो.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पंखा निर्दोष आहे. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. तीच जर 'टक-टक-टक' अशी चढली असती तर मी प्लगच्या तारा आणि कॅप बघायला सांगितलं असतं. आधी मोबाइलचा चार्जर लायटरच्या सॉकेटमधून काढा. फोन ऑक्सच्या तारेनेही जोडलेला असेल तर चार्जरचा अर्थ आणि स्टिरिओचा अर्थ असे दोन रस्ते होतात, आणि शिट्टी त्यातून येते. चार्जर काढल्यावर गेली तर काम झालं.

राहिलीच तर आवाज शून्यावर करा. शिट्टीही गेली तर ती फोनच्या किंवा ऑक्सच्या बाजूने येतेय. तेवढीच राहिली तर स्टिरिओच्या करंटमध्ये किंवा अर्थमध्ये दोष. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत डॅशबोर्डखालचे अर्थचे स्क्रू आधी बघा. पत्रा चकचकीत घासा, काटेरी वॉशर घाला, कसा, आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस कसल्यानंतर, आधी नाही. हेडलाइट लावल्यावर शिट्टी वाढत असेल आणि बॅटरीही नीट चार्ज होत नसेल तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो, तो बाकावर तपासून घ्या.

प्रश्न : ॲम्बॅसॅडरला एलईडी हेडलाइट लावले. आता दिवे लावले की एफएम गायब.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एलईडीच्या बुडाशी एक छोटा ड्रायव्हर असतो, तो करंट फार वेगाने चालू-बंद करतो. स्वस्तातल्या ड्रायव्हरला फिल्टरच दिलेला नसतो, आणि त्याचा कचरा एफएमच्या बँडपर्यंत पोहोचतो. एक-एक दिवा काढून बघा, कधी एकच जास्त बदमाश निघतो. तारेवर, दिव्याच्या अगदी जवळ, फेराइटचं कडं लावा आणि तार त्यातून दोन वेढे काढून घ्या. तरी गेलं नाही तर पूर्वीचा हॅलोजन बल्ब परत लावा. तुमच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर बल्बच्या आतल्या तापणाऱ्या तारेच्या (फिलामेंटच्या) जागेनुसार घडवलेला आहे, त्यामुळे उजेडही समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडेल.